सामाईक विहीर आणि संगणकाची स्मृती

सोलापूर जिल्ह्यात ज्याने सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' ही नोंद पाहिली आहे, त्याला भांडणाचे मूळ सांगावे लागत नाही. विहीर एक, हिस्सेदार चार; पाळी ठरलेली नसेल तर पाणी असूनही पीक वाळते. संगणकाची सामाईक स्मृती शिकवताना मी याच विहिरीपासून सुरुवात करतो.

एरवी संगणकातली प्रत्येक प्रक्रिया आपल्या कुंपणात राहते. एकीची स्मृती दुसरीला दिसत नाही. पण डेटाबेसमध्ये शेकडो प्रक्रियांना एकच माहिती हवी असते. मग त्या कार्यप्रणालीकडे सामाईक तुकडा मागतात. मागण्याची रीत मात्र निराळी: युनिक्सची जुनी 'सिस्टिम फाइव्ह', नंतरची पॉझिक्स, विंडोजची तिसरीच. सगळीकडे चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आमच्या मंगळवार पेठेतल्या दुकानदारासारखे मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलावे लागते, माल तोच.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसची गोष्ट बोलकी आहे. पूर्वी त्याची सगळी सामाईक स्मृती जुन्या पद्धतीने घेतली जाई. लिनक्सवर अशा तुकड्याची मर्यादा बरीच वर्षे मुळात ३२ मेगाबाइट होती. ती वाढवायला व्यवस्थापकाच्या विनवण्या कराव्या लागत. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत मोठा भाग दुसऱ्या पद्धतीवर गेला. तरी एक छोटा तुकडा जुन्याच पद्धतीचा ठेवला. कारण सध्या किती प्रक्रिया जोडलेल्या आहेत, हे जुनी पद्धत सांगते. मुख्य प्रक्रिया मेली, तिची पिल्ले जिवंत राहिली आणि कुणी त्याच फायलींवर दुसरा संच सुरू केला, तर सगळी विदा नासेल. जुने टाकून न देण्याचा हा शहाणपणा मला नव्या सोयीपेक्षा मोलाचा वाटतो.

तोवर स्मृती आरंभीच मोजून घ्यावी लागे. २०१४ च्या ९.४ मध्ये काम चालू असताना तुकडे मागण्याची व परत देण्याची सोय आली. इथे खरी अडचण उभी राहते. तोच तुकडा प्रत्येक प्रक्रियेत वेगळ्या पत्त्यावर बसू शकतो. एकीने लिहून ठेवलेला पत्ता दुसरीला भलत्याच जागी नेईल. म्हणून पत्ता लिहायचाच नाही. 'अमुक तुकडा, सुरुवातीपासून इतके बाइट आत' एवढेच नोंदवायचे, जसे खेड्यात 'वेशीपासून तिसरे घर' सांगतात. दर वेळी एक बेरीज जास्त करावी लागते, पण घर सापडते.

पाळीचे काम कुलपे करतात. मात्र एखादी प्रक्रिया लिहिता लिहिताच कोसळली, तर स्मृती अर्धवट राहिली की काय, हे कुणालाच ठरवता येत नाही. मग पोस्टग्रेस सगळ्याच प्रक्रिया बंद करतो, सामाईक स्मृती नव्याने मांडतो आणि डिस्कवरच्या नोंदवहीतून गाडी पुन्हा रुळावर आणतो. विद्यार्थ्यांना हे जुलमी वाटते. विहिरीत जनावर पडल्यावर काय करतात, असे मी विचारतो.