अक्षरांशी अडणाऱ्या मुलांना मोबाइलचा आधार



निफाड-चांदवडकडे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस आले, की अभ्यासात मागे पडलेले मूल आधी शेतात दिसते. "याच्या डोक्यात काही शिरत नाही," म्हणून दप्तर खुंटीला लागते. पण यांतली काही मुले मुळीच मठ्ठ नसतात. ऐकलेली गोष्ट ती नीट सांगतात, कामाची माहिती चटकन उचलतात. वाचताना मात्र 'ब' आणि 'व' मध्ये गोंधळतात, काना-वेलांटी गाळतात, फळ्यावरचे उतरवताना मागे राहतात. वर्षानुवर्षे असेच चालले, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. तो आळस नव्हे आणि माराने तो जात नाही.

माती तपासल्याशिवाय आपण खताची मात्रा ठरवत नाही. येथेही तसेच करावे. आधी मुलाचे डोळे व कान तपासून घ्या. मग मुख्याध्यापकांना भेटून तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची मदत मागा. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूदही त्यात आहे.

बाजारभाव पाहायला घेतलेला मोबाइल घरी कामी येतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने टिपला, की त्या पाठाचे साहित्य उघडते. फोनच्या सेटिंगमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते, ती मराठीतही चालते. अक्षरे मोठी करावीत आणि मुलाने ऐकता ऐकता शब्दावर बोट फिरवावे. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलले तरी अक्षरे उमटतात. उत्तर आधी बोलावे, मग पाहून वहीत उतरवावे. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी अडत नाही.

मात्र रोज वीस मिनिटे पुरेत, आणि घरचे मोठे माणूस शेजारी बसलेले हवे. नाहीतर धड्याच्या जागी खेळ सुरू होतो. मोबाइल हा काठीसारखा आधार आहे. चालायला शिकवायचे काम गुरुजींचे आणि घरच्यांचेच आहे.

यंदा लागवडीला एक हात कमी पडला तर शेजाऱ्याशी सावड करता येईल. सुटलेली शाळा मात्र सहसा पुन्हा धरता येत नाही.