क्षीरान्नाद बालकाचा हिवाळा : औषधाच्या चिठ्ठीवर खेळही लिहावा

दिवाळी सरते, पहाटेचा गारवा वाढू लागतो आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील चिकित्सालयांत एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांची वर्दळ वाढते. प्रतिश्याय आणि कास ही कारणे नेहमीचीच. परंतु अलीकडे त्यांच्या जोडीने दुसरी तक्रारही ऐकू येते. मूल चिडचिडे झाले आहे, मोबाईल समोर धरल्याशिवाय घास घेत नाही, दोन वर्षांचे होत आले तरी मोजकेच शब्द उच्चारते. पालकांची मागणी एकच असते, ‘बुद्धी वाढवणारे एखादे सिरप द्या.’ औषधविक्रेत्या बांधवांनाही हा अनुभव नवा नाही.

या मागणीच्या मागे घरातील परिस्थिती उभी असते. आईवडील सकाळच्या लोकलने मुंबई-ठाण्याकडे निघतात. मूल आजीजवळ, शेजारी अथवा पाळणाघरात राहते. थंडी बाधेल या भीतीने दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात आणि बंद खोलीत मुलाला रमवण्याचे काम मोबाईलकडे सोपवले जाते. त्या आजीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला पर्याय सांगणे हे आपले काम आहे.

वस्तुतः आपल्या प्रदेशात मुलाला घरात कोंडणारा ऋतू वर्षा होय, हेमंत नव्हे. मुंबई शहराच्या तुलनेत बदलापूरकडे पारा काही अंशांनी खाली उतरतो हे खरे. तथापि दिवस चढताच ऊन सुखद होते. हेमंतात अग्नी प्रदीप्त असतो, शरीरबल उत्तम असते, आणि ऋतुचर्येत अभ्यंग, आतपसेवन व व्यायाम सांगितले आहेत. बाल्यावस्था कफप्रधान, आणि याच काळात कफाचा संचय होऊ लागतो. अशा वेळी बालकाला निश्चल बसवून ठेवणे ऋतुचर्येच्या विरुद्ध आहे. बालकाचा व्यायाम म्हणजे खेळ.

संहितांतील क्रीडाविचार

आपल्या आचार्यांनी खेळाला गौण मानलेले नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागार व धात्रीपरीक्षा यांच्या बरोबरीने खेळण्यांची लक्षणे दिली आहेत. खेळणे रंगीबेरंगी, आवाज करणारे व मनोहर असावे. जड नसावे, टोकदार नसावे, तोंडात शिरेल असे नसावे, जिवाला धोका करणारे अथवा भीती घालणारे नसावे. रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या बालकाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असेही तेथेच सांगितले आहे. सुश्रुताचार्य बालकाला दरडावण्यास, झोपेतून एकदम जागे करण्यास आणि अकाली बसवण्यास मनाई करतात. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात लाखेच्या, गाय-घोड्यासारख्या आकाराच्या मोठ्या खेळण्यांचा उल्लेख येतो. सावंतवाडीची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी याच जातीची म्हणावी लागतील.

तोंडात न शिरणारे खेळणे हा निकष तर आजही पहिल्या क्रमांकाचा आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, त्यामागेही सुरक्षिततेचाच विचार आहे. ज्या औषधविक्रेत्यांकडे खुळखुळे व दंतोद्भवकाळी चावण्याची खेळणी विकली जातात, त्यांनी हे चिन्ह पाहूनच माल घ्यावा.

येथे सुवर्णप्राशनाचा विषय टाळता येणार नाही. पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांकडे त्यासाठी रांग लागते. काश्यपसंहितेने लेहनाचे मेधावर्धक फल सांगितले आहे; परंतु त्याच संहितेने बालकाला भूमीवर बसवणे आणि पशुपक्ष्यांच्या आकाराची खेळणी देणे याचाही विधी सांगितला. एक भाग उचलायचा व दुसरा सोडून द्यायचा, हे शास्त्राला धरून होणार नाही. ज्या बालकाशी दिवसभर कोणी बोलत नाही, त्याच्या वाणीची उणीव कोणताही लेह भरून काढणार नाही. आम्ही हे स्पष्ट लिहितो, कारण पालकांचा आपल्यावरील विश्वास सिरपच्या बाटलीपेक्षा मोलाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या बालकाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोपावे. वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा टाळावा. त्यानंतर तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. कारण उघड आहे. बालक भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. त्याने ‘बा’ म्हटले की समोरचे माणूस हसते, उत्तर देते. पडदा उत्तर देत नाही.

घरी करता येण्याजोगा दिनक्रम

पहाटे मुलाला बाहेर काढू नये. थंडीत जमिनीलगतची हवा स्थिर राहते, त्यामुळे औद्योगिक पट्ट्यातील धूर आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच साचतो. ऊन तापून हवा मोकळी झाली की, साधारण नऊनंतर, गच्चीवर, चाळीच्या ओट्यावर किंवा इमारतीच्या आवारात अर्धा-पाऊण तास न्यावे. एकावर एक सुती कपडे घालावेत. पळून घाम आला की वरचा काढता येतो.

त्यापूर्वी कोमट तिळतेलाचा अभ्यंग. चोळताना आजीने ‘हा हात, हे बोट, हे पोट’ असे म्हणत जावे. अभ्यंगाबरोबर अवयवांची नावे व मोजणी आपोआप शिकवली जाते. स्वयंपाकघरात तांब्या, वाट्या, डबा व झाकणे द्यावीत. लहान-मोठे, आत-बाहेर, रिकामे-भरलेले या कल्पना बालकाला तेथेच कळतात. या दिवसांत बाजारात वालाच्या, मटाराच्या, तुरीच्या शेंगा येतात. अख्ख्या शेंगा टोपलीतून पातेल्यात टाकू द्याव्यात. मात्र सोललेले दाणे लगेच उचलावेत. मटार किंवा हरभरा नाकात जाणे आणि शेंगदाणा श्वासनलिकेत अडकणे हे या वयातील मोठे धोके आहेत.

यासाठी पैसा लागत नाही, हे आपल्याच परिसराने पूर्वी दाखवून दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले, खडे यांतून शिक्षणाची साधने घडवली. अंगणवाडी ही कल्पना तेथेच रुजली. पाने व मोठे शिंपले आजही फुकट मिळतात; बिया व खडे मात्र तीन वर्षांखालील बालकाच्या हाती देऊ नयेत.

आपल्या रूढींतही हिवाळ्याचा खेळ आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणारे बोरन्हाण म्हणजे लहानग्यांचा मेळावाच. काळे कपडे, हलव्याचे दागिने, डोक्यावरून पडणारी बोरे व कुरमुरे, आणि ते वेचायला धावणारी आळीतील मुले! उल्हासनगरच्या सिंधी घरांत याच सुमारास लाल लोई साजरी होते. अशा प्रसंगी मूल मुलांत मिसळते. एवढेच सांगावे, की तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बोरे, शेंगदाणे, कडक गोळ्या व काटेरी हलवा लागू देऊ नये, आणि शेकोटीच्या धुरापासून त्यांना दूर ठेवावे.

केवळ खेळावर कधी थांबू नये

खेळणारे मूल अचानक खेळेनासे झाले तर ते आजारी समजावे. एक ते पाच वर्षांच्या बालकाचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा अधिक वेळा होत असेल, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे वाक्य नाही, नावाने हाक मारली तरी प्रतिसाद नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर ‘होईल हळूहळू’ असे म्हणून वेळ दवडू नये. प्रथम श्रवणपरीक्षा करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा बालकांची तपासणी विनामूल्य होते.

वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती आहे, की या हिवाळ्यात बालरुग्णाच्या चिठ्ठीवर औषधाखाली तीन ओळी अवश्य लिहाव्यात : उन्हात किती वेळ, कोणता खेळ, आणि मुलाशी बोलणार कोण. औषधविक्रेत्यांनी सिरप हाती देताना मुलाचे वय व बोलणे यांची चौकशी करावी आणि शंका वाटल्यास वैद्यांकडे पाठवावे. पथ्य पाळले जाते ते वैद्याने लिहून दिले म्हणून. खेळ हेही पथ्यच आहे. तेही आपण लिहून द्यावे.