कुलाब्याच्या नोंदी आणि गोडदेवचा विद्यार्थी

अवकाशातील हवामान हा बड्या संस्थांतील शास्त्रज्ञांचा विषय असून, भाईंदर पूर्वेच्या गोडदेवहून लोकलच्या गर्दीत उभे राहून महाविद्यालय गाठणाऱ्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती निराधार तर आहेच, शिवाय मुंबईच्या इतिहासाशीही विसंगत आहे.

कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकात प्रा. आर्लेबार यांच्या हाताखाली एक तरुण साहाय्यक काम करीत होता. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे केरो लक्ष्मण छत्रे. अशा साहाय्यकांचे काम कंटाळवाणे असे. टांगलेल्या चुंबकाची स्थिती ठरावीक वेळी पाहावयाची आणि आकडा लिहावयाचा. एरवी तासातासाने आणि चुंबक अस्वस्थ झाला की पाच-पंधरा मिनिटांनी. या आकड्यांचा उपयोग काय, हे त्या काळी कोणालाही पुरतेपणी सांगता आले नसते.

उपयोग कळण्यास दीडशे वर्षे लागली. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील स्फोटामुळे उठलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे त्याने विस्कळीत केली. कुलाब्याच्या नोंदींत त्या दिवशी क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले दिसते. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता मांडली आणि जगाने तिची दखल घेतली. मे २०२४ मधील अलीकडचे मोठे वादळ याच्या पाव भागाएवढे होते, यावरून प्रमाण ध्यानी यावे. (आदित्य एल-१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ साली. योगायोग खरा, पण सुंदर.)

या विषयाचे गणित मुळात दुर्बोध नाही. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा प्रवाह, म्हणजेच सौरवात, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने वाहत असतो. आदित्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभे आहे. तेव्हा त्याच्यावरून गेलेला वारा आपल्यापर्यंत यावयास सुमारे तासभर लागतो, आणि वेग दुप्पट झाला तर अर्धा तास. पूर्वसूचनेसाठी हाती असतो तो एवढाच अवधी. वाऱ्यासोबत आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जेला आत शिरण्यास वाट मिळते. उत्तरेकडे असेल तर तोच वारा बव्हंशी निरुपद्रवी ठरतो. मार्च १९८९ मध्ये ही वाट उघडली तेव्हा कॅनडातील क्विबेक प्रांत नऊ तास अंधारात होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका मध्यम वादळाने नुकतेच सोडलेले ३८ स्टारलिंक उपग्रह गिळले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न येथे उपस्थित होतो. वेधांचा खर्च दरवर्षी करावा लागतो; लाभ मात्र क्वचित, आणि तोही सर्वांना सारखाच मिळतो. असा माल बाजार पुरवीत नाही. तो सरकारनेच पुरवावा लागतो आणि आपल्याकडे तो पुरविलाही गेला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांचा प्रवाह नोंदी बिघडविणार, हे ओळखून १९०४ मध्ये वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला नेण्यात आले. त्यानंतर काही काळ दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेऊन जुन्या व नव्या आकड्यांची सांगड घालण्यात आली. भावी अभ्यासकासाठी ट्रामच्या जमान्यातील सरकारने दाखविलेली ही दूरदृष्टी आज दुर्मीळच म्हणावी लागेल.

आज अलिबागचे आकडे आहेत, आदित्यचे आकडे इस्रोने अभ्यासकांना खुले केले आहेत आणि संगणक घरोघरी आहे. चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पालाही स्थान मिळाले आहे. तरी कित्येक महाविद्यालयांत प्रकल्प म्हणजे बाइंडिंग केलेली उतरवलेली पाने. दोष विद्यार्थ्याचा म्हणावा तर त्याच्यासमोर खरा प्रश्न कोणी ठेवलेलाच नसतो. १० व ११ मे २०२४ चे अलिबागचे वाचन घ्यावे, शेजारी सौरवाताचा वेग आणि क्षेत्राची दिशा मांडावी व दोहोंतील अंतर मिनिटांत मोजावे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला हे झेपते. उत्तर पुस्तकात नसल्याने उतरवूनही काढता येत नाही.

त्याला लागतो तो आठवड्यातून दोन तास शेजारी बसणारा प्राध्यापक. प्राध्यापकाच्या कार्यभारात या दोन तासांना व्याख्यानाइतके मोल देण्याचा ठराव विद्यापीठाने करावयास हवा. त्यासाठी दुर्बीण विकत घ्यावी लागत नाही.