वऱ्हाडचे खेळाडू, विदर्भाचा संघ
रणजी करंडकाची जुनी विभागवार रचना मोडून २००२-०३ पासून एलिट व प्लेट ही नवी वर्गवारी अमलात आल्यावर बरीच वर्षे खालच्या गटातच राहिलेला विदर्भाचा संघ, वसीम जाफर व गणेश सतीश या परप्रांतीय अनुभवी फलंदाजांच्या सहवासात स्थानिक तरुण घडवीत, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा विजेता ठरला. अकोल्याच्या आदित्य ठाकरे याने तर आपला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना २०१७-१८ च्या अंतिम फेरीत खेळावा, हे विलक्षणच! त्याच अकोल्याचा अथर्व तायडे पुढे सलामीस आला. दुसऱ्या संघाकडे जाण्यास मूळ संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो. असा दाखला घेऊन २०२५ मध्ये विदर्भाकडून पाहुणा म्हणून खेळलेला करुण नायर कर्नाटकास परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्यास गेला. पाहुणा परतणे स्वाभाविकच. जितेशचे जाणे मात्र आम्हां वऱ्हाडकरांच्या मनास फार लागले.