युद्धाग्रही राजकारण आणि नवस्वतंत्र राष्ट्र : १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या संदर्भात

प्रस्तावना

नवस्वतंत्र राष्ट्रात सीमेचा प्रश्न अस्मितेचा बनतो आणि तडजोड ही शरणागती वाटू लागते. अशा वेळी युद्धाग्रही राजकारणी कोणती भूमिका बजावतात, याचा विचार प्रस्तुत लेखात १९६२ च्या युद्धाच्या आधारे केला आहे.

इशारा आणि आग्रह

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्याच वर्षी राज्यसभेत डॉ. आंबेडकरांनी पंचशीलावर टीका केली. तो चीनवर विसंबण्याविरुद्धचा इशारा होता, युद्धाची मागणी नव्हती.

१९५९ मधील लोंगजू व कोंगका खिंडीतील चकमकींनंतर मात्र संसदेचा सूर पालटला. मेहतांचा प्रजा समाजवादी पक्ष, जनसंघ आणि काही काँग्रेस सदस्यही कठोर धोरणाचा आग्रह धरू लागले. एप्रिल १९६० मध्ये चाऊ एन लाय दिल्लीत आले, तेव्हा पंडित नेहरूंना देवाणघेवाणीस फारसा वाव उरला नव्हता. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत आचार्य कृपलानी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले. मेनन विजयी झाले, तरी चीनचा प्रश्न निवडणुकीच्या रणात उतरला.

दबावाची परिणती

विरोधकांच्या मागण्या दोन होत्या : भूमी परत घ्यावी आणि सैन्य सज्ज करावे. पहिलीला चौक्या पुढे नेऊन तत्काळ उत्तर देता येत होते. दुसरीसाठी रस्ते, तोफा, उबदार कपडे आणि दीर्घ काळ लागणार होता. शासनाने नोव्हेंबर १९६१ पासून पहिला मार्ग पत्करला. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी नेहरूंनी चिन्यांना हटविण्याचे आदेश सैन्याला दिल्याचे पत्रकारांना सांगितले. २० ऑक्टोबरला चीनने मोठे आक्रमण केले, तेव्हा नामकाचू नदीकाठचे जवान पुरेशा तोफा व हिवाळी कपड्यांवाचून लढत होते.

अमेरिकेतही असेच घडले होते. १८१२ मध्ये हेन्री क्ले व जॉन कॅल्हून यांच्या आग्रहाने अमेरिकेने अपुऱ्या तयारीनिशी ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. १८१४ मध्ये वॉशिंग्टन जळाले. तेथे युद्धाग्रही गटाच्या हाती कायदेमंडळ होते. भारतातील विरोधकांकडे केवळ शब्द होते. म्हणूनच आक्रमणाची जबाबदारी चीनची, तर अपुऱ्या तयारीची प्रामुख्याने शासनाची ठरते.

निष्कर्ष

युद्धाग्रही राजकारणी युद्ध घडवितातच असे नाही. ते शासनापुढील पर्याय मात्र संकुचित करतात. त्यांच्या आग्रहाला चौकी पुढे नेऊन दिलेले उत्तर सभागृहाचे समाधान करते. त्याची किंमत त्या चौकीवरील जवान मोजतो.