धूर, हवा आणि डिझेल : ट्रकची ताकद नेमकी येते कुठून?



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला कारणविचार पाहिला. मडकं मातीचं, म्हणून माती हे त्याचं समवायी कारण. कुंभार, दांडा, चाक ही निमित्त कारणं. आणि ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली, ते गाढव मात्र कारण नव्हे. ते नसतं तरी माती दुसऱ्या कशावरून आलीच असती. नैयायिक अशा गोष्टीला अन्यथासिद्ध म्हणतात. व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं, की सर, हा सगळा विचार मडक्यापुरताच का? म्हणून आज एक यंत्र घेऊ. डिझेलचा ट्रक.

प्रश्न साधा आहे. ट्रकची ताकद वाढवायची आहे. मग टर्बो मोठा बसवायचा, की पंपातून डिझेल जास्त सोडायचं? दिसायला हा मिस्त्रीचा प्रश्न, पण मुळात तो कारणाचा आहे. आणि इथं कारण ओळखण्यात गफलत झाली, तर परीक्षेत दोन गुण कमी होत नाहीत. इंजिन जातं, आणि घाटात असाल तर माणूसही जातो.

डिझेल इंजिनाचा स्वभाव

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ सालचं. त्याची मूळ कल्पना अशी, की हवा इतकी दाबायची की ती दाबानंच तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारलं की ते आपोआप पेटेल. म्हणून डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्या, साध्या डिझेल इंजिनात हवेला दार नाही. पेट्रोल इंजिनात आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेचं झाकण उघडतं. डिझेलमध्ये हवा आत यायची तेवढी येतच असते. पायाखाली असतो तो डिझेलचा हिशेब. पाय दाबला, जास्त डिझेल. पाय काढला, डिझेल बंद.

म्हणजे ताकद कशातून येते? डिझेलमधून. टर्बोमधून नाही. हे वाक्य आज लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मग टर्बो काय करतो? आता थोडा हिशेब करू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचं वजन किलोपेक्षा थोडं कमी, आणि हवा फार हलकी. तेव्हा ढोबळ मानानं एक लिटर डिझेल जाळायला दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात याहून बरीच जास्त द्यावी लागते, कारण सिलिंडरमधल्या क्षणभराच्या भेटीत डिझेलचा प्रत्येक थेंब हवेला नीट मिसळत नाही.

डिझेल जास्त ओतणं सोपं आहे, पंप ते करतो. हवा आणायची कुठून? इथं टर्बो येतो. इंजिनाबाहेर पडणारा गरम वायू एक टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो, तो बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं याचं पेटंट १९०५ साली घेतलं. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर टर्बो हा प्रतिबंधकाचा अभाव घडवतो. हवेची टंचाई हा अडथळा होता, तो दूर झाला. जाळायला इंधनच वाढवलं नाही, तर अडथळा दूर करून फारसं काही हाती लागत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण

अमेरिकेत डिझेल पिकअप ट्रकची ताकद वाढवणं हा मोठा छंद आहे, आणि धंदाही. त्या मंडळींचं एक लाडकं इंजिन म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडर आणि बारा व्हॉल्व्हचं. डॉज रॅम गाडीत ते १९८९ पासून येऊ लागलं. १९९४ ते १९९८ या काळातल्या गाड्यांत त्यावर बॉशचा पी७१०० पंप होता. आपल्याकडेही ही मंडळी परकी नाहीत. याच बी मालिकेची ५.९ लिटरची इंजिनं जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनली आणि टाटाच्या ट्रकांत बसली.

आता बघा. १९९४ साली मॅन्युअल गिअरच्या गाडीत या इंजिनाची ताकद १७५ अश्वशक्ती होती. १९९६ पासून ती २१५ झाली. तेच ५.९ लिटर, त्याच जातीचा पंप. म्हणजे इंजिनाच्या अंगात ताकद होतीच. किती बाहेर येऊ द्यायची हे कोणीतरी ठरवत होतं. ते ठरवण्याच्या जागा पंपातच आहेत.

पी७१०० पूर्णपणे यांत्रिक पंप आहे. आत सहा प्लंजर, प्रत्येक सिलिंडरसाठी एक. रॅक नावाची पट्टी पुढं सरकली की प्लंजर किंचित फिरतात आणि दर ठोक्याला जास्त डिझेल जातं. ही पट्टी जास्तीत जास्त किती सरकावी, हे एक छोटी पोलादी फ्युएल प्लेट ठरवते. छंदी लोक ती प्लेट बदलतात किंवा घासून तिचा आकार बदलतात. बस्स, डिझेल वाढलं.

पण त्याच पंपावर आणखी एक व्यवस्था आहे, आणि ती मला फार शहाणी वाटते. एक पातळ पडदा टर्बोच्या हवेचा दाब ओळखतो आणि तो दाब येईपर्यंत रॅकला पूर्ण पुढं जाऊ देत नाही. जणू पंप म्हणतो, आधी हवा आल्याची पावती दाखव, मग डिझेल घे. याला एएफसी म्हणतात. त्याची स्प्रिंग सैल केली किंवा घर पुढं सरकवलं, की गाडी एकदम उसळते, चालक खूश होतो, आणि मागं काळा ढग उठतो.

बूस्टचा काटा काय सांगतो?

आता उलट बाजू. इंधन वाढलं, मूळचा टर्बो तोच राहिला. या गाडीत होल्सेटचा एचएक्स३५ असतो. मालक बूस्टचं मीटर बसवतो. काटा वर वर जातो, तसा त्याला वाटतं हवा वाढतेय.

इथं एक बारीक फरक आहे. दाब म्हणजे हवेचं प्रमाण नव्हे. इंजिनाला हवे असतात हवेचे कण, म्हणजे वजन. हवा दाबली की ती तापते, आणि तापली की पसरते. छोटा टर्बो त्याच्या कुवतीबाहेर पळवला, की तो हवा ढकलण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो. मीटरवर दाब भरपूर, सिलिंडरमध्ये प्राणवायू मात्र अपेक्षेपेक्षा कमी. इंटरकूलर ही गरमी काही अंशी काढतो, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून जाणकार म्हणतात, काट्याच्या मागं लागू नका. मोठा टर्बो कधी कधी कमी दाबावरही जास्त हवा देतो.

मग सरळ भला मोठा टर्बो बसवावा का? नाही. मोठं चाक फिरायला जास्त वायू लागतो. कमी वेगात तो वायू मिळत नाही. तुम्ही पाय दाबता, डिझेल जातं, टर्बो अजून जागा होतोय. तेवढा वेळ धूर आणि गरमी. नळाच्या पाइपावर अंगठा ठेवला की धार जोरात येते ना, तसं टर्बाइनचं घर लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या वेगात तेच घर वायूला अडवतं. मोठं ठेवलं तर उलट. म्हणून ओझं ओढणाऱ्या गाडीला मध्यम टर्बो. एचएक्स४०सारखा एक पायरी मोठा. शर्यतीचा टर्बो मालाच्या गाडीला कामाचा नाही. आणि पाइपाचा वाढलेला गडगडाट? तो मडक्याच्या गोष्टीतलं गाढव.

खरा साक्षीदार : तापमान

दाबापेक्षा भरवशाचा साक्षीदार म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान. टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये पायरोमीटर बसवतात. चढावर सतत ओझं ओढताना साधारण ६७५ ते ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू द्यायचं नाही, असा या इंजिनांच्या लोकांचा दंडक आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनला खालून तेलाचा फवारा थंड ठेवतो, जळणं क्षणभराचं असतं, म्हणून तो टिकतो. पण ही उधारी आहे. लांब चढावर दहा मिनिटं ती चालू ठेवली की वसुली होते.

आणि वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पाय पूर्ण दाबून गाडी ओढली तर तापमान सगळ्यात वाईट चढतं. डिझेल भरपूर, टर्बोला वारा कमी. खंबाटकी असो की कोलोरॅडोचा डोंगर, उपाय एकच. गिअर खाली घ्या, फेऱ्या वाढवा, पाय थोडा सोडा. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथंच करपतं.

म्हणून कामाचा क्रम असा. आधी मीटर, कारण जे मोजलं नाही ते सांभाळता येत नाही. मग आहे ते दुरुस्त करा : एअर फिल्टर, सैल झालेले होजपाइप, व्हॉल्व्हचं सेटिंग, पंपाला पोचणाऱ्या डिझेलचा दाब. बऱ्याच गाड्यांचा गेलेला पिकअप एवढ्यानंच परत येतो. मग हवा, आणि सगळ्यात शेवटी इंधन, तेही थोडं थोडं, प्रत्येक वेळी तापमान बघून.

धूर कशाची खूण?

डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे, हे आपलं अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी आणखी काही लागतं : ओलं सरपण. हाच उपाधी.

डिझेल इंजिनात ओल्या सरपणाची जागा घेतं ते हवा न मिळालेलं डिझेल. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. पैसे देऊन घेतलेलं आणि अर्धवट जळालेलं डिझेल. अमेरिकेत काही जण मुद्दाम असा धूर सोडतात, त्याला रोलिंग कोल म्हणतात, आणि तो पौरुषाचा देखावा समजतात. तर्काच्या दृष्टीनं ते बिघाडाची जाहिरात करताहेत. आणि हा धूर जातो कुठं? मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं.

आता शेवटचा मुद्दा. १७५ च्या जागी ३०० अश्वशक्ती आली. पंप तयार, टर्बो तयार. पहिली कुरकुर करते क्लचप्लेट, ती घसरते. ती भक्कम केली की गिअरबॉक्स. इंजेक्शनची वेळ दोन-चार अंश पुढं घेतली, तर ताण हेड गॅस्केटवर. प्रत्येक मर्यादा कशाचं तरी रक्षण करत असते. ती हलवली की ओझं नाहीसं होत नाही, पुढच्या सुट्या भागाच्या खांद्यावर जातं. आणि ब्रेक? ते तेवढेच. डिझेलमध्ये हवेला दार नसतं, हे सुरुवातीला सांगितलं. त्यामुळेच पाय काढल्यावर इंजिन गाडीला फारसं रोखत नाही, वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लागतो. म्हणजे चढताना मिळालेली ताकद पाहून कोणी माल जास्त भरला, तर त्याचा हिशेब उतारावर होतो. चढ नीट गेला, हे उतार नीट जाईल याचं प्रमाण नाही.

म्हणून मी म्हणेन, मर्यादा हलवू नका असं नाही. पण ती कोणासाठी ठेवली होती हे कळल्याशिवाय हलवू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आजच्या नव्या गाड्यांत हे करता येतं का?*

नव्या गाड्यांत स्क्रू नाही, संगणक आहे. कॉमन रेलमध्ये डिझेल किती आणि केव्हा, हे सॉफ्टवेअर ठरवतं. तत्त्व तेच, पण आता पुढं धूर गाळणारी आणि वायू स्वच्छ करणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. ती यंत्रणा काढणं अमेरिकेतही बेकायदा आहे, आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच विचारेल.

*प्रश्न : सर, ट्रकवाल्याला हप्ते फेडायचे असतात. तो पंप वाढवून दोन टन जास्त भरतो. त्यानं काय करावं?*

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. तो हौसेनं करत नाही, भाडं परवडत नाही म्हणून करतो, हे मला मान्य आहे. पण मग बघा, कारण कुठं निघालं. ताकद कमी पडली ती इंजिनात नाही, भाड्यात. भाड्याचं दुखणं पंपाच्या स्क्रूनं बरं होत नाही; ते अ‍ॅव्हरेज खातं, इंजिनाचं आयुष्य खातं, आणि शेवटी खर्च त्याच माणसाच्या अंगावर पडतो. त्याला माझा सल्ला एवढाच : फिल्टर, होजपाइप, नोझल नीट करून घे, पायरोमीटर बसव, आणि माल परवान्याइतकाच भर. बाकीची लढाई गॅरेजमध्ये नाही, भाडं ठरतं तिथं लढायची आहे, आणि ती त्यानं एकट्यानं लढू नये.

पुढच्या वेळी आपण अनुमानातल्या उपाधीकडे सविस्तर वळू.