कॅमेऱ्याला विरोध करणारे नेमके काय मागतात?

नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्हीचे जाळे उभारण्याची शिफारस केली. ते जाळे २ ऑक्टोबर २०१६ रोजी ४,७०० हून अधिक कॅमेऱ्यांसह सुरू झाले. पुणे आणि नागपूरही त्याच वाटेने गेले. आता हा विषय महानगरांपुरता राहिलेला नाही. सुरत–धुळे महामार्गावरच्या विसरवाडीसारख्या गावातही बँक, पेट्रोल पंप, दुकान आणि शाळा यांच्यावर कॅमेरा असणे कुणाला नवीन वाटत नाही. ‘गावाच्या सुरक्षेसाठी चौकात कॅमेरे बसवू’ असा ठराव आला की सहसा कुणी हात खाली ठेवत नाही. शंका काढणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहिले जाते. या संशयाचे मूळ काही गैरसमजांत आहे. ते एकेक करून तपासायला हवेत, कारण कॅमेरा बसल्यावर प्रश्न विचारणे फार अवघड होते.

गैरसमज १ : ज्याला काही लपवायचे असते तोच कॅमेऱ्याला विरोध करतो.

वस्तुस्थिती : या समजाला सर्वात ठाम उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळाले. राज्याच्या २०१६ च्या कायद्याने डान्सबारमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले होते. बारमालक आणि तिथे काम करणाऱ्या महिला न्यायालयात गेल्या. बदनामी ज्यांच्या पाचवीला पुजलेली, अशा लोकांचा हा विरोध होता. तरीही १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने कॅमेऱ्याची सक्ती खासगीपणाचा भंग करते म्हणून रद्द केली. कायदेशीर काम करणाऱ्या बाईवर सतत नजर ठेवायला तिच्या कामाबद्दल समाजाची नापसंती हे कारण पुरत नाही. खासगीपणा हा गुन्हेगाराचा आडोसा असता, तर घराच्या खिडकीला पडदा लावणारे आपण सगळेच संशयित ठरलो असतो.

गैरसमज २ : रस्त्यावर आलो की खासगीपणाचा हक्क संपतो.

वस्तुस्थिती : २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. सार्वजनिक ठिकाणी गेल्याने माणूस हा हक्क गमावत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट आहे. या हक्कावर बंधन घालायचे तर सरकारला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : त्यासाठी कायदा आहे, हेतू वैध आहे आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात आहे.

जंगलालगत राहणाऱ्यांना हा मुद्दा चटकन समजेल. उत्तराखंडमधल्या कॉर्बेट परिसरात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा गावातल्या बायकांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपण आणि गवत आणायला जाताना बायका मोठ्याने बोलत, गात. एकमेकींना सोबत व्हावी आणि जनावरे दूर राहावीत हा त्यामागचा उद्देश. कॅमेरे आल्यावर त्यांचा आवाज खाली गेला. शौचाला गेलेल्या एका महिलेचे छायाचित्र तर समाजमाध्यमांवर पसरले. ते कॅमेरे वाघ मोजायला लावले होते. जंगल सरकारी होते, तरी अब्रू त्या बाईचीच गेली.

गैरसमज ३ : कॅमेरे लावले की गुन्हे थांबतात.

वस्तुस्थिती : काही गुन्हे काही ठिकाणी कमी होतात. चाळीस वर्षांतल्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये एरिक पिझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. कॅमेरे नसलेल्या भागांशी तुलना करता, कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. सर्वात जास्त फरक वाहनतळांवर पडला. मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांत लक्षणीय घट आढळली नाही. जिथे कॅमेऱ्यावर कुणी प्रत्यक्ष लक्ष ठेवत होते आणि जोडीला इतर उपायही होते, तिथे परिणाम चांगला होता.

म्हणजे मोटारसायकल चोरीसाठी स्टँडवर कॅमेरा लावण्यात अर्थ आहे. पण बंद पडलेले पथदिवे, रिकामी पोलिस पदे आणि रात्रीची गस्त यांची जागा तो घेऊ शकत नाही. ‘कॅमेरा लावला, काम झाले’ असे म्हणून ही कामे मागे पडत असतील, तर सुरक्षेचेच नुकसान होते.

गैरसमज ४ : कॅमेऱ्यात आले म्हणजे पुरावा पक्का.

वस्तुस्थिती : बहुतेक यंत्रांत जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते आणि त्यावर नवे नोंदले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा शाळेतले आधीच्या पंधरा दिवसांचे चित्रणच उपलब्ध नसल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. त्या शाळेत कॅमेरे होतेच. चित्रण जपण्याची आणि ते नसेल तर जाब देण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कॅमेऱ्यांची संख्या वाढवून सुटत नाही.

चित्रण मिळाले तरी ते न्यायालयात टिकावे लागते. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला याच मुद्द्यावर गाजला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचे होते. वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी त्या चित्रणाचे प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्र हजर न करता प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम ६३ मध्ये, प्रमाणपत्राची अट आहे. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती पुराव्याचे भवितव्य असते.

गैरसमज ५ : चित्रण फक्त पोलिस किंवा मालकच पाहतात.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिलांच्या तपासणीचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर आले. ते पैसे घेऊन विकले जात होते. अटक झालेल्यांत आपल्या राज्यातले तरुणही होते. इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसेल, तर दूर बसलेला अनोळखी माणूसही तो उघडू शकतो. कमकुवत सुरक्षेच्या कॅमेऱ्यांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून विक्रीसाठी सुरक्षा-चाचणी बंधनकारक केली. पण आधीच भिंतीवर बसलेल्या लाखो कॅमेऱ्यांचे पासवर्ड त्याने बदलत नाहीत. दवाखाना, वसतिगृह, आश्रमशाळा अशा ठिकाणी कॅमेरा आत लावायचा की फक्त दाराबाहेर, हा तिथे वावरणाऱ्या बायका-मुलींच्या जिवाशी आणि अब्रूशी जोडलेला निर्णय आहे.

गैरसमज ६ : यंत्राने चेहरा ओळखला म्हणजे तो माणूस तोच.

वस्तुस्थिती : चेहरा ओळखणारी प्रणाली फक्त साम्याचा अंदाज सांगते. हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी वापरलेल्या अशा प्रणालीची अचूकता अवघी २ टक्के असल्याचे दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगितले होते. तंत्र पुढे गेले, तरी चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणालींच्या २०१८ च्या एका अमेरिकी तपासणीत गोऱ्या पुरुषांबाबत चूक १ टक्क्याहून कमी होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती जवळपास ३५ टक्क्यांपर्यंत गेली. सावळ्या वर्णाच्या आणि वकील परवडत नसलेल्या माणसाला अशी चूक फार महाग पडते. सॅन फ्रान्सिस्कोने मे २०१९ मध्ये पोलिसांसह सर्व शहर-यंत्रणांना हे तंत्र वापरायला बंदी केली. हैदराबादमधल्या त्याच्या वापराला तेलंगणा उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

गैरसमज ७ : कॅमेऱ्याला विरोध म्हणजे पोलिसांना विरोध.

वस्तुस्थिती : कोठडीतल्या मारहाणीविरुद्ध लढणाऱ्यांनी कॅमेरे लावा अशीच मागणी केली आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा यातून सुटता कामा नये. चित्रण अठरा महिने आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायचे. देखरेखीला राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या नेमायच्या. विसरवाडीचे पोलिस ठाणेही याच आदेशाखाली येते. जवळपास पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतले कॅमेरे चालू नसल्याच्या बातम्यांची दखल न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. चौकातला कॅमेरा चालू आणि कोठडीतला बंद असेल, तर नागरिकांनी बोट दाखवायलाच हवे.

कायद्याचे संरक्षण अजून अपुरे आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात गुन्ह्यांच्या तपासासाठी आणि सरकारी यंत्रणांसाठी मोठ्या सवलती आहेत, आणि घरगुती वापराला तो लागूच नाही. म्हणून कॅमेरा बसवतानाच नियम ठरवणे महत्त्वाचे.

विसरवाडी ज्या तालुक्यात येते तो नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला गावच्या विकासकामांना मंजुरी देण्याचा अधिकार दिला आहे. कॅमेऱ्याचा खर्च ग्रामपंचायतीतून होणार असेल, तर हे प्रश्न ठरावातच लिहून घ्यावेत : कॅमेरा कोणत्या कामासाठी आणि कुठे? त्याच्या टप्प्यात कुणाचे दार, न्हाणीघर, पाणवठा येतो का? चित्रण किती दिवस ठेवणार, पासवर्ड कुणाकडे, पाहिल्याची नोंद कोणत्या वहीत? गैरवापर झाला तर जबाबदार कोण? वर्षभरानंतर उपयोग झाला की नाही, हे ग्रामसभेपुढे कोण सांगणार?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर विरोध करणाऱ्यांपैकी पुष्कळजण कॅमेऱ्याच्या बाजूने हात वर करतील. उत्तरे मिळत नसतील, तर ठराव पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबवण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे, आणि तो बजावणे हीसुद्धा गावाची सुरक्षाच आहे.